जेवलेली वाकळ

अंबाजोगाई,
९ नोव्हेंबर २०२४

चैताली,

जय भीम. त्याच्या आधी 'सप्रेम' लिहिलेलं नाही, ते विसरले म्हणून नव्हे.

पत्र बघून दचकू नकोस. तुझा नंबर मी परवा ब्लॉक केला. ब्लॉक केलेल्या माणसाला चार शब्द सुनवायची सोय आता फक्त टपाल खात्याकडं उरली आहे. सतीशला फोन करून उपयोग नाही. माझा भाऊ 'बघतो, बघतो' म्हणतो आणि स्पीकर लावून फोन तुझ्याच हातात देतो.

तर तुझं ते स्टेटस. आईनं शिवलेली वाकळ हॉलच्या भिंतीवर चार खिळ्यांना लटकलेली, तिच्यासमोर तू नवी साडी नेसून उभी, आणि खाली लिहिलंय 'आमचं ट्रॅडिशनल वॉल आर्ट'. पुढं बदामाची तीन चित्रं. मी दवाखान्याच्या वॉर्डातून घरी येऊन चप्पलही काढली नव्हती. तशीच बघत बसले. अगं, वाकळ अंथरायची असते, पांघरायची असते, पोरानं ओली केली तर धुऊन वाळत घालायची असते. भिंतीला माणसाचा फोटो लावतात, तोही माणूस गेल्यावर. आमची आई अजून जिवंत आहे.

धम्मचक्र प्रवर्तन दिनाला मी उभ्या उभ्या येऊन गेले, तेव्हा ती वाकळ आईच्या खाटेवर होती. आता आईच्या अंगावर काय आहे? ते दुकानातलं वाघाचं चित्र असलेलं ब्लँकेट? म्हातारीनं उभा जन्म वाकळा शिवल्या आणि शेवटी तिला वाघ पांघरायला दिला. वा गं सूनबाई.

त्या वाकळीच्या मधोमध जे पांढरं ठिगळ आहे ना, ते मंजुळाआज्जीनं दीक्षेला नेसलेल्या लुगड्याचं आहे. आई तेव्हा चिमुरडी होती, आज्जीचा पदर धरून गेली होती. त्याच पदराचा तो तुकडा. तुला हे लग्नात सांगितलं होतं, पण तेव्हा तुझं लक्ष फोटोग्राफरकडं होतं. आणि वाकळीचा शेवटचा कोपरा बंद करायच्या आधी आई त्यात भाकरीचा घास घालते, तेही ठाऊक असेल. वाकळ उपाशी ठेवू नये, उपाशी वाकळ ऊब देत नाही, असं तिचं म्हणणं. ते वॉल आर्टमध्ये कुठं बसतं ते कळव.

तुमच्या शिरूर कासारकडचे लोक ऊसतोडीला गेले की पाचटाच्या कोपीत राहतात, कोपीला दार नसतं म्हणून वाकळ टांगतात, हे मला माहीत आहे. माजलगावच्या घराला दार आहे. सागवानी आहे.

खिळे काढ. वाकळ आईच्या खाटेवर टाक.

पौर्णिमा

---

माजलगाव,
१६ नोव्हेंबर २०२४

आदरणीय पौर्णिमाताई,

सप्रेम जय भीम. मी लिहिते सप्रेम. मला काही तोटा नाही.

तुमचं पत्र पोस्टमनच्या हातून मीच घेतलं. बरं झालं, नाहीतर 'ह्यांनी' वाचलं असतं आणि दोन दिवस जेवले नसते. तुमच्या भावाचा जीव तुमच्यात किती अडकलाय हे तुम्हाला ठाऊक आहे, म्हणून तर तुम्ही असं लिहिता.

एक एक सांगते. वाकळ मी ओढून घेतलेली नाही. आईंनी स्वतः दिली. मी म्हटलं, आई, इतकं सुंदर काम खाटेवर पडून राहतं, कुणाला दिसत नाही. त्या म्हणाल्या, "ने की." त्यांना वाघाचं ब्लँकेट आवडतं. त्या वाघाला 'बंकट' म्हणून हाक मारतात. तुम्ही बसला असतात तर ऐकलं असतं, पण तुम्ही चहासुद्धा घेतला नाहीत. कप तसाच थंड झाला, मग तो मी बेसिनमध्ये ओतला.

आता वाकळ भिंतीवर कशासाठी, तर लोकांनी बघावी म्हणून. आणि लोक बघतात, ताई. बागायतदार विठ्ठलरावांची धाकटी सून तेजश्रीवहिनी तुम्हाला ऐकून माहीत असेल. त्यांचं महिला मंडळ आहे, त्या हातकामाची प्रदर्शनं भरवतात. त्यांना कुणीतरी माझं स्टेटस दाखवलं आणि त्या आपण होऊन घरी आल्या. आमच्या कॉलनीत त्यांची गाडी वळवायला जागा नाही, तरी आल्या. वाकळीवरून हात फिरवला, टाके जवळून बघितले, 'अगं हे तर पुण्यात कुठल्या कुठं जाईल' म्हणाल्या. आईंबरोबर फोटोपण काढला.

त्यानंतर आणखी दोनदा आल्या, म्हणजे एकूण तीनदा. पहिल्यांदा मी मुरमुऱ्यांचा सुशीला केला होता, पण त्यांचा नेमका गुरुवारचा उपास. दुसऱ्यांदा धपाटे, दही आणि लसणाची चटणी, तर त्यांचा शनिवार निघाला. तिसऱ्या खेपेला वार बघून बोलावलं, पण बिचाऱ्यांचं पोट बिघडलेलं. पाण्याची बाटलीपण घरूनच आणतात, डॉक्टरांनी सांगितलंय म्हणे. इतका त्रास असून येतात, याला आपुलकी म्हणतात.

कोपीचं तुम्ही लिहिलंत. होय, आमच्या कोपीला वाकळीचंच दार होतं. त्या दारातून कुणीही आलं तरी माझी आई आधी भाकरी पुढं करायची. एवढं लक्षात आहे माझ्या.

तुम्हाला दिलेली वाकळ कुठं आहे, ते कळवा. आई विचारतात. माळ्यावर का?

तुमची,
चैताली

---

अंबाजोगाई,
२१ नोव्हेंबर २०२४

चैताली,

माझी वाकळ माळ्यावर नाही. दिवाणाच्या पेटीत आहे, डांबराच्या गोळ्या घालून. त्यात तुझा काय संबंध?

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. एकदा राग आला म्हणून आणि दुसऱ्यांदा तू खरंच इतकी भोळी आहेस का, ते बघायला. बी.ए. झालेली बाई आहेस तू. तुझ्याच हातानं लिहिलंयस आणि तुलाच दिसत नाही? एकदा गुरू, एकदा मारुती आणि एकदा पोट. या बाईचे देव काय तुझ्या दारात पाळत ठेवून बसलेत? माजलगावच्या बाजारात उभी राहून वडापाव खाते तेव्हा कुठं जातो हा उपास? पाण्याची बाटली म्हणे डॉक्टरांनी सांगितली. मी पंचवीस वर्षं डॉक्टरांच्यात काढली. 'दुसऱ्याच्या घरचं पाणी वर्ज्य' असं औषधाच्या चिठ्ठीवर लिहिलेलं मी तरी वाचलं नाही.

अगं, आपलं हातकाम चालतं तिला, हात चालत नाहीत. एवढंच आहे ते. आमच्या लहानपणी हीच माणसं वरून पाणी ओतायची आणि आम्ही ओंजळ धरायचो. आता तेवढं उघड करता येत नाही, म्हणून उपास धरतात. सुधारणा झाली म्हणायची. तू मात्र धपाटे थापत बस, वार बघत बस. पुढच्या वेळी पंचांग विकत आण.

आणि तुला काय वाटतं, ती आईबरोबर फोटो काढते तो आईसाठी? फोटोत म्हातारी लागते. सुरकुत्या असल्या की प्रदर्शनाला शोभा येते.

चहाचं म्हणशील तर त्या दिवशी माझी ड्युटी होती.

खिळे काढलेस का, ते एका ओळीत कळव. बाकी काही लिहू नकोस. तुझं अक्षर चांगलं आहे, ते फुकट घालवू नकोस.

पौर्णिमा

---

माजलगाव,
२ डिसेंबर २०२४

पौर्णिमाताई,

जय भीम.

तुम्हाला सगळीकडं तेच दिसतं. जग बदललंय हे तुम्ही मान्यच करायचं नाही असं ठरवलंय. तुमच्यासारखं तोंड घेऊन मी जगले तर माझ्या घरी चिमणीपण येणार नाही. ह्या कॉलनीत आम्ही तीन वर्षं झाली राहतो. कुणी वाईट बोलत नाही, कुणी येतही नाही. भिशी फिरत फिरत सगळ्यांकडं होते, माझी पाळी आली की सगळ्यांना एकदम लग्नकार्यं निघतात. तेजश्रीवहिनी आल्यापासून शेजारच्या दोघी यायला लागल्यात. दारात चपला दिसतात, ताई. तुम्हाला यात हसण्यासारखं वाटेल, पण मला बरं वाटतं.

बातमी अशी आहे की बीडला मोठं प्रदर्शन आहे आणि आपली वाकळ प्रवेशद्वारातच लागणार आहे. नंतर ती वहिनींच्या नव्या बंगल्यात हॉलमध्ये राहील. त्या म्हणाल्या, मोबदला सांग. मी म्हटलं, मैत्रीत कसला मोबदला.

फक्त मधलं पांढरं ठिगळ तेवढं त्यांना नको आहे. रंग मार खातात म्हणतात, आणि बंगल्याच्या वास्तूला पांढरं बरं दिसत नाही. त्यांनी खणाचा लाल तुकडा पाठवलाय. मला कापायचं नाहीये, वरून नुसतं झाकायचं आहे. आत ते असणारच आहे की. मी आईंना विचारलं, त्या काही बोलल्या नाहीत.

तुम्हाला आधी सांगितलं नाही असं नको म्हणून कळवलं.

चैताली

---

अंबाजोगाई,
५ डिसेंबर २०२४

चैताली,

आई गप्प बसली म्हणजे हो म्हणाली, हे तुला कुणी शिकवलं? ती गप्प बसते तेव्हा घरातल्यांनी पळून जायचं असतं. सतीशला विचार.

झाकायचं म्हणे. मंजुळाआज्जी त्या लुगड्यात सगळ्या गावासमोरून चालत गेली. रस्त्यात लोक थुंकले, तिनं पदर झाकला नाही. आणि तू तो आता लाल खणाखाली झाकणार, का तर विठ्ठलरावाच्या सुनेची वास्तू बिघडते.

लाज विकून वर मोबदलासुद्धा घेत नाहीस, याचं मात्र कौतुक वाटतं.

त्या ठिगळाला सुई लागली तर मी तुझ्या दारात पाय ठेवणार नाही. आईला मी इकडं घेऊन येईन. हे धमकी म्हणून लिहिलेलं आहे, धमकी म्हणूनच वाच.

पौर्णिमा

---

माजलगाव,
३० डिसेंबर २०२४

पौर्णिमाताई,

जय भीम. तुमच्या धमकीचं उत्तर द्यायला उशीर झाला. आधी काय घडलं ते सांगते, मग माझं एक विचारायचं आहे ते विचारते.

तुमचं पत्र आलं त्या दिवशी वाकळ खाली काढलेली होती. मी सुईत लाल दोरा ओवला होता. तुमच्या पत्रानं मी थांबले असं समजू नका, उलट हट्टाला पेटले. पण टोपण सापडेना. बोटात घालायचं ते पितळी टोपण आईंकडं असतं. मागायला गेले. आईंनी कनवटीतून काढून दिलं. तुम्ही म्हणाला होतात पळून जायचं असतं, पण मी तिथंच उभी राहिले. त्यांनी एवढंच विचारलं, "जेवली का गं ती?"

मी म्हटलं, कोण?

"जी वाकळ नेणार हाय ती. आपल्या घरची वाकळ न्यायची तर जेवून न्यावी लागती. वाकळ जेवलेली हाय, नेणारी उपाशी कशी चालंल?"

बस, इतकंच बोलून त्या बंकट पांघरून आडव्या झाल्या. मी सुई परत डबीत ठेवली. मला वाटलं, ठीक आहे, पौर्णिमाताईंचंही तोंड बंद होईल आणि आईंचंही. तेजश्रीवहिनींचा उपास असतो ना, मग उपासाचंच करू.

ताई, आपल्या घरात कधी कुणी उपास केलेला नाही. मी सगळं मोबाईलवर बघून शिकले. पहिल्यांदा साबुदाण्याचा असा गोळा झाला की ह्यांनी विचारलं, खिडकीची काच बसवायची आहे का. चार दिवस आम्ही तिघंही तेच खात होतो. पण शेवटी जमलं. भगर, शेंगदाण्याची आमटी, साबुदाणा वडे, रताळ्याचा कीस, राजगिऱ्याचे लाडू. मीठसुद्धा सैंधव आणलं. पाणी नको असेल म्हणून शहाळी आणली, त्याला तर कुणाचाच हात लागलेला नसतो. एवढी वाट मी माझ्या लग्नात तुमच्या भावाची बघितली नव्हती.

वहिनी शेजारच्या दोघींना घेऊनच आल्या. त्यांच्या बंगल्यावरूनच तिघी गाडीत बसून आलेल्या. मी वाकळ हॉलमध्ये अंथरली होती, चार ताटं मांडली होती. लाल खण बाजूला घडी करून ठेवला होता. म्हटलं, वहिनी, आज उपास असला तरी चालतो, सगळं उपासाचंच आहे. या, बसा.

त्या बघतच राहिल्या. वाकळीवर पाय नको म्हणून कडेकडेनं जाऊन खुर्चीवर बसल्या. पर्समधून बाटली काढली, परत आत ठेवली. मग म्हणाल्या, "अगं, आज माझा निर्जळी आहे."

मी काही बोलायच्या आत शेजारची एक म्हणाली, "अहो पण आत्ताच तर आपण तुमच्याकडं पोहे..." आणि तिथंच थांबली. दुसरीनं तिला कोपर मारलं. पंखा तेवढा कुरकुरत होता.

आई आतून आल्या. खाली बसल्या, वाकळीवर, त्या पांढऱ्या ठिगळाच्या शेजारी. एक ताट पुढं ओढलं. भगरीत आमटी कालवली. आणि अगदी शांतपणे विचारलं, "कावून वो बाई, आमच्या दारात आलं की तुमचा देव लई कडक होतोय?"

वहिनींचा चेहरा त्या खणासारखा झाला. त्या माझ्याकडं बघून हसल्या, म्हातारी माणसं काहीही बोलतात अशा अर्थाचं. मी पण हसावं अशी त्यांची अपेक्षा होती. ताई, मी हसलेपण असते. एवढे दिवस हसतच होते. पण मी उभी होते, हातात वड्यांचं ताट होतं आणि तेल उडून माझं मनगट भाजलेलं होतं, ते एकदम चुरचुरायला लागलं. मला फार संताप आला. वहिनींचा आला तसाच माझा स्वतःचाही आला. मी लाल खण उचलून त्यांच्या पर्सवर ठेवला आणि म्हटलं, "तुमचा उपास सुटला की या, वहिनी. वाकळ इथंच हाय."

'हाय' आपोआप आलं तोंडातून. तीन वर्षं मी कॉलनीत 'आहे, आहे' करत होते.

त्या गेल्या. गाडी वळवायला जागा नाही ना, म्हणून बराच वेळ पुढं-मागं, पुढं-मागं चालली होती. आम्ही आत बसून ऐकत होतो. आईंना हसू आवरेना. दुसरी शेजारीण त्यांच्याबरोबर गेली. पोहेवाली राहिली. भीतीनं राहिली की वड्याच्या वासानं, माहीत नाही, पण आधी अंग चोरून काठावर बसली आणि मग चार वडे खाल्ले. मीठ कमी आहे म्हणाली. माझ्या घरच्या जेवणाला कॉलनीतल्या कुणी नावं ठेवली, हे पहिल्यांदाच. मला इतकं बरं वाटलं की रडूच आलं.

आता मैत्रीण गेली, प्रदर्शन गेलं. भिशीतून माझं नाव हळूच निघेल. भिंतीला चार भोकं राहिलीत. वाकळ आईंच्या खाटेवर आहे, पांढरं ठिगळ जसंच्या तसं. बंकटला मी पायाशी ठेवलंय, त्या सोडायला तयार नाहीत.

आता माझं विचारायचं. तेजश्रीवहिनींचा खोटेपणा तुम्ही अंबाजोगाईत बसून, नुसतं पत्र वाचून ओळखलात. हुशार आहात. मग मला एक सांगा. आमचं लग्न झाल्यापासून तुम्ही कितीदा आलात, आणि एकदा तरी माझ्या हातचं जेवलात का? दर वेळी उभ्या उभ्या. दर वेळी ड्युटी. एकदा तर रविवार होता आणि तुमच्या पिशवीत तुमचा डबा होता. मी बघितला. जिन्यात बसून खाल्लात आणि आईंना म्हणालात, वाटेत काही मिळत नाही. मी ऊसतोडीवाल्याची पोर, कोपीत वाढलेली. ते तुम्ही पहिल्याच पत्रात लिहिलंत, म्हणून मी आज लिहिते.

तिचा उपास आणि तुमची ड्युटी, यातला फरक मला समजावून सांगा. तुमचं अक्षरपण चांगलं आहे.

चैताली

---

अंबाजोगाई,
९ जानेवारी २०२५

चैताली,

जय भीम.

तुझं पत्र येऊन आठवडा झाला. उत्तर चार वेळा लिहिलं. चारही वेळा त्यात ड्युटीचा तक्ता आला, म्हणून फाडलं. फरक मला सापडला नाही.

तुझ्या भगरीचं कौतुक करायला मी हे लिहीत नाही. मोबाईलवर बघून केलेल्या आमटीची चव मला इथून कळते. खिळ्यांची भोकं बुजव, पांढरं सिमेंट लाव, सतीशवर सोडू नकोस. तो 'बघतो' म्हणेल.

येत्या रविवारी सकाळच्या एसटीनं येते. ड्युटी नाही. उपास नाही. डबा आणत नाही. दिवाणाच्या पेटीतली माझी वाकळ बरोबर आणते आहे, डांबराच्या गोळीचा वास येतोय तिला. आल्या आल्या उन्हात टाक, मग अंथर, तिच्यावरच बसेन. त्या पोहेवालीलाही बोलव.

मटण कर. तिखट कर. तुमच्या कोपीवर करायचे तसं.

सप्रेम,
पौर्णिमा